सोडचिठ्ठी म्हणजे घटस्फोट नव्हे : नाशिककरांसाठी पहिल्या पायरीपासून

माझ्या मावसबहिणीचं दुसरं लग्न झालं तेव्हा पहिलं मोडून सात वर्षं होत आली होती. मोडताना दोन्हीकडची चार-चार माणसं सिन्नरला एका ओसरीवर बसली. शंभराच्या स्टॅम्पवर "आजपासून आमचा एकमेकांशी काही संबंध नाही, कुणीही कुठेही लग्न करावं" असं लिहिलं, दोघांच्या सह्या झाल्या, खाली पाच साक्षीदार आणि नोटरीचा लाल गोल शिक्का. मावशीने तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात साड्यांच्या खाली जपून ठेवला. दुसऱ्या लग्नाची नोंदणी करायला गेलो, तेव्हा खिडकीतल्या बाईंनी तो उलटसुलट पाहिला आणि अगदी शांतपणे विचारलं, "ताई, कोर्टाचा हुकूमनामा कुठंय?"

हुकूमनामा नव्हता. म्हणजे कायद्याच्या लेखी ती अजून पहिल्याच नवऱ्याची बायको होती आणि मांडवात झालेलं दुसरं लग्न मुळातच रद्दबातल होतं. त्या पहिल्या नवऱ्याला शोधून, समजावून, सगळं रीतसर करायला दीड वर्ष गेलं. मी वकील नाही. पण त्या दीड वर्षात आणि पुढे ओळखीपाळखीच्या चार जणींबरोबर कोर्टाच्या बाकावर बसून जे शिकले, ते इथे क्रमाने लिहिते. वकील तुम्हाला लागेलच. पण त्याला नेमकं काय विचारायचं, हे आधी ठाऊक असलं की फेरे वाचतात.

पायरी पहिली : हातातला कागद कसला आहे ते बघा

सोडचिठ्ठी, फारकतनामा, काडीमोड... आपल्याकडे शब्द पुष्कळ आहेत, कारण प्रथा जुनी आहे. अनेक जातींत काडीमोड आणि पाट-म्होतूर (म्हणजे बाईचं दुसरं लग्न) पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. ज्यांच्यात ते नव्हतं त्यांच्यासाठी मुंबई प्रांताने १९४७ मध्येच हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. देशभराचा हिंदू विवाह कायदा आला तो १९५५ मध्ये. या कायद्याने रूढीने होणारा घटस्फोट मोडीत काढलेला नाही; कलम २९ मध्ये त्याला जागा ठेवली आहे. अडचण एवढीच, की "आमच्यात अशी रूढी आहे" हे म्हणणाऱ्यानेच शाबित करायचं. ती पूर्वापार, खंड न पडता चालत आली आहे, याचा पुरावा द्यायचा. स्टॅम्प पेपरमुळे रूढी शाबित होत नाही. स्टॅम्प शंभराचा असो की हल्लीचा पाचशेचा, नोटरी फक्त सही तुमचीच असल्याचं सांगते. लग्न मोडण्याचा अधिकार तिला नाही.

जातपंचायतीने "मोकळं केलं" असं कुणी म्हणत असेल, तर त्याचीही किंमत तेवढीच. उलट पंचांनी त्यावरून दंड मागितला किंवा वाळीत टाकलं, तर महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली तो गुन्हा आहे. पोलिसांच्या महिला कक्षात लिहून घेतलेला समझोता हाही घटस्फोट नाही. बऱ्याच बायका तिथला जबाब "घटस्फोटाचा कागद" म्हणून दाखवतात, म्हणून मुद्दाम सांगते.

मधेच थोडं आकड्यांबद्दल

"घटस्फोटात महाराष्ट्र देशात पहिला, १८.७ टक्के" अशी एक राज्यांची यादी मोबाइलवर फिरते. लग्नाळू पोरांचे आईबाप ती वाचून धसका घेतात. ही टक्केवारी कशाची, हे त्या यादीत कुठेच नसतं. एकूण लग्नांतली? दाखल दाव्यांतली? देशभरातल्या घटस्फोटांतला राज्याचा वाटा? जनगणना मात्र माणसं मोजते. २०११ च्या जनगणनेत भारतात घटस्फोटित म्हणून नोंद झालेले सुमारे १३.६ लाख होते, म्हणजे विवाहितांच्या ०.२४ टक्के. आणि "विभक्त" म्हणून नोंद झालेले ०.६१ टक्के. अडीच पटीहून जास्त!

मला त्या यादीपेक्षा हा दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. लग्न मोडलंय, पण कागद नाही, अशी ही माणसं. त्यात बायका किती आणि कशा अडकतात, हे आपल्या शेजारच्या संगमनेरला १९८८ मध्ये भरलेल्या परित्यक्तांच्या परिषदेने चव्हाट्यावर आणलं होतं. नवऱ्याने टाकलेली बाई विधवाही नसते, घटस्फोटितही नसते. कुठलाही फॉर्म भरताना तिला आपला रकाना सापडत नाही. माझी मावसबहीण सात वर्षं त्याच आकड्यात होती, आणि तिला ते माहीतही नव्हतं.

पायरी दुसरी : कायदा कोणता आणि कोर्ट कोणतं

हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना १९५५ चा हिंदू विवाह कायदा. रजिस्टर लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालं असेल तर १९५४ चा. ख्रिस्ती आणि पारशी यांचे कायदे वेगळे. मुस्लिम स्त्रीला १९३९ च्या कायद्याने कोर्टातून विवाहविच्छेद मागता येतो; नवऱ्याने दोन वर्षं खर्चाला दिलं नाही, हेही त्यात कारण आहे. एका दमात तीन वेळा दिलेला तलाक २०१९ पासून रद्दबातल आणि गुन्हा, शिक्षा तीन वर्षांपर्यंत.

आपल्या जिल्ह्यात एक गोष्ट हमखास विसरली जाते. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर भागातल्या कोकणा, वारली, महादेव कोळी, भिल्ल कुटुंबांत लग्न आणि काडीमोड त्यांच्या रूढीने चालतात. अशांचा दावा छापील नमुन्यावर टाकला, तर पुढे "हा कायदा तुम्हाला लागूच नाही" या एका वाक्यावर अडकतो. पहिल्याच भेटीत वकिलाला जमात सांगा.

आता कोर्ट. नाशिक शहरासाठी कौटुंबिक न्यायालय आहे. तालुक्याच्या गावी ते नसतं. तिथे दावा दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे जातो. कुठे दाखल करायचा, याला हिंदू विवाह कायद्यात पर्याय आहेत : लग्न जिथे लागलं, शेवटचं एकत्र जिथे राहिलात, समोरचा माणूस जिथे राहतो. आणि अर्ज बायकोचा असेल तर ती आत्ता जिथे राहते ते ठिकाण. हा शेवटचा पर्याय २००३ पासून आहे आणि फार मोलाचा आहे. पुण्याला दिलेली मुलगी सिडकोत माहेरी परतली असेल, तर तिला तारखेसाठी शिवाजीनगर गाठायची गरज नाही.

लग्नाला वर्ष झालेलं नसेल, तर थांबावं लागतं. अपवाद आहेत, पण ते खरोखर असह्य हाल असतील तरच.

पायरी तिसरी : दोघं राजी असतील तर

परस्पर संमतीचा मार्ग कलम १३-ब चा. अट अशी, की एक वर्ष तरी वेगळे राहत असायला हवं. "वेगळे" म्हणजे वेगळ्या घरातच असं नाही. एका छपराखाली राहूनही नवरा-बायको म्हणून नांदत नसाल, तरी ते वेगळं राहणंच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितलंय.

दोघांचा मिळून एकच अर्ज जातो. कौटुंबिक न्यायालयात त्याला 'एफ पिटिशन' म्हणतात. लागणारी कागदपत्रं साधी आहेत : विवाह नोंदणीचा दाखला (नसेल तर लग्नपत्रिका आणि फोटो), दोघांचे आधार आणि पत्त्याचे पुरावे, पासपोर्ट आकाराचे फोटो, मुलांचे जन्मदाखले. आमचं पहिल्यांदा अडलं ते नावावर. पत्रिकेत लाडाचं नाव, आधारवर शाळेतलं, तिसरं सासरी ठेवलेलं. तिन्ही एकाच बाईची आहेत, असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. एक टीप : कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात स्टॅम्प पेपर लागत नाही. बाहेर टेबल टाकून बसलेला कुणी तो घ्यायलाच लावत असेल, तर आधी वकिलाला विचारा.

अर्जाचा आत्मा म्हणजे संमतीच्या अटी. इथे घाई करू नका. तीन दिवस जास्त लागले तर लागू द्या. रक्कम किती, एकरकमी की हप्त्यांनी, कोणत्या तारखेला, धनादेश की डीडी. मूल कुणाकडे, दुसऱ्याने कधी आणि कुठे भेटायचं, दिवाळी-मेच्या सुट्टीचं काय, शाळेची फी कोण भरणार. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल, तर कर्जाचा हप्ता कोण फेडणार आणि नाव कधी निघणार. एकमेकांवरचे खटले मागे घ्यायचे असतील तर तेही. छळाचा गुन्हा (पूर्वीचं ४९८-अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) आपसात मिटला म्हणून आपोआप संपत नाही. तो रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं, आणि नाशिकसाठी ते मुंबईचं मुख्य पीठ. त्या फेऱ्याचा खर्च कुणाचा, तेही अटींत लिहा.

आणि स्त्रीधन. आमच्या त्या जुन्या सोडचिठ्ठीत "सर्व सामान परत मिळाले" असं एक वाक्य होतं. सामान आलंच नव्हतं. सही करताना कुणी वाचलं नाही. या वेळी मावशीने वहीच्या दोन पानांवर यादी केली आणि कोर्टाच्या आवारात टेम्पो उभा करून एकेक वस्तू मोजून घेतली. दोन घागरी, परात, ताम्हण, समया आल्या. तांब्याच्या हंड्यावर गाडी अडली. समोरच्या बाई म्हणाल्या, तो आमच्या घरातला. मावशीने काही न बोलता हंडा उन्हात आडवा केला आणि काठाखाली बोटाने घासलं. हिरवट डागाखालून अक्षरं निघाली : "मामाकडून सप्रेम भेट" आणि लग्नाची तारीख. भांड्यावर नाव घालायची आपली पद्धत पुरावा म्हणून इतकी कामी येईल, असं कुणाला वाटलं असेल? तुमची यादी करताना नावाच्या भांड्यांचे फोटो काढून ठेवा. दागिन्यांच्या पावत्या सापडल्या तर सोन्याहून पिवळं.

अर्ज दाखल झाला की तो समुपदेशकाकडे जातो. तिथलं बोलणं गोपनीय असतं, तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं जात नाही. तेव्हा मोकळेपणाने बोला. वकिलाने पढवलेलं म्हणून दाखवू नका. त्यानंतर सहा महिने थांबायचं आणि पुन्हा एकदा दोघांनी न्यायाधीशांसमोर "हो" म्हणायचं. या मधल्या काळात कुणीही संमती काढून घेऊ शकतं. म्हणून सगळी रक्कम पहिल्याच दिवशी देऊ नका, आणि घेणाऱ्यानेही काही भाग तरी अर्ज दाखल होतानाच घ्यावा. बहुतेक जण निम्मी-निम्मी करतात.

सहा महिने थांबणं सक्तीचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलंय. वेगळं राहून दीड वर्ष होऊन गेलं असेल, पोटगी-मुलं-सामान सगळं मिटलं असेल आणि समेटाची आशा नसेल, तर ही मुदत माफ करण्याचा अर्ज देता येतो. मावसबहिणीचा मंजूर झाला. वकील आपण होऊन सुचवेलच असं नाही, विचारा.

पायरी चौथी : एकजण राजी नसेल तर

मग कारण द्यावं लागतं आणि ते शाबितही करावं लागतं. क्रूरता (शारीरिक किंवा मानसिक), सलग दोन वर्षं सोडून जाणं, व्यभिचार, धर्मांतर, विशिष्ट प्रकारचा मानसिक आजार, सात वर्षं बेपत्ता असणं, ही मुख्य कारणं. संसार सोडून संन्यास घेणं हेही कारण आहे. सिंहस्थाच्या गावात ते वाचून हसू येतं, पण कलम १३ मध्ये ते आहे. कुष्ठरोग हे कारण २०१९ मध्ये काढून टाकलं. बरं झालं. व्यभिचार २०१८ पासून गुन्हा राहिलेला नाही, घटस्फोटाचं कारण मात्र आजही आहे. "आमचं पटत नाही" हे कारण कायद्यात नाही. लग्न पार मोडकळीस आलंय म्हणून ते संपवण्याचा खास अधिकार सर्वोच्च न्यायालय वापरतं (२०२३ च्या घटनापीठाने तो पक्का केला), पण नाशिकच्या कोर्टाकडे तो नाही.

क्रम साधारण असा. अर्ज, समन्स, समोरच्याचं लेखी म्हणणं, समुपदेशन, मुद्दे निघणं, पुराव्याचं शपथपत्र, उलटतपास, युक्तिवाद, निकाल. कायदा म्हणतो सहा महिन्यांत संपवायचा प्रयत्न करा. प्रत्यक्षात वर्षांचा हिशेब धरा. पहिलं वर्ष तर पुष्कळदा समन्स बजावण्यातच जातं. बेलिफ जातो, "सदर इसम पत्त्यावर राहत नाही" असा शेरा मारून कागद परत येतो, पुढची तारीख पडते. अर्ज करतानाच समोरच्याचे घरचा, गावाकडचा आणि कामाच्या ठिकाणचा असे तिन्ही पत्ते द्या.

उलट बाजूने "नांदायला या" असा कलम ९ चा दावा येऊ शकतो. घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. १८८७ मध्ये मुंबईत रखमाबाईंना याच प्रकारच्या दाव्यात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद, असा हुकूम झाला होता, आणि त्यांनी कैद पत्करेन म्हणून सांगितलं होतं. आज तुरुंग नाही. हुकूम होऊनही वर्षभर नांदणं झालं नाही, तर तेच दोघांपैकी कुणालाही घटस्फोटाचं कारण होतं. दाव्याची नोटीस घेतलीच नाही आणि तारखेला गेलंच नाही, तर एकतर्फी निकाल लागतो. नोटीस नाकारल्याने दावा टळतो, हा समज कुठून आला कोण जाणे.

मारहाण होत असेल, घराबाहेर काढलं असेल, तर घटस्फोटाच्या दाव्याची वाट बघत बसू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने दंडाधिकाऱ्यांकडे संरक्षण, राहायला जागा आणि खर्च, तिन्ही मागता येतात. मदतीचा नंबर १८१, तातडीला ११२.

पायरी पाचवी : पैशाचं

महाराष्ट्रात १९९४ पासून स्त्रियांना घटस्फोट, पोटगी, हिंसा आणि मालमत्तेच्या दाव्यांत कोर्ट फी माफ आहे. फुकट वकील हवा असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. कार्यालय जुन्या सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट नाही. फोनवर विचारायचं तर १५१००.

दावा चालू असतानाही अंतरिम पोटगी मागता येते, आणि हिंदू विवाह कायद्याखाली ती नवराही मागू शकतो. २०२० पासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. पगाराच्या चिठ्ठ्या, आयकर विवरण, बँकेचे उतारे, सातबारा जमवायला लागा. द्राक्षबागायतदार "यंदा काहीच पिकलं नाही" म्हणतो आणि सातपूरचा कारखानदार तोटा दाखवतो; अशा वेळी निर्यातीची कागदपत्रं, गाडीचे हप्ते, सोसायटीचं कर्ज, हे उपयोगी पडतं. पोटगी साधारणपणे अर्ज केल्याच्या तारखेपासून धरतात. अर्ज लांबवाल तेवढे महिने हातचे जातील.

मुलांबद्दल

पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे राहतं. त्यापुढे मुलाचं हित बघतात, आईबापांचा हक्क नाही. तारखेला मुलाला उगीच घेऊन जाऊ नका, न्यायाधीशांनी बोलावलं तरच न्या. त्या बाकावर बसून "आज बाबा आले तर बोलायचं नाही हं" असं कुणीतरी एका चार वर्षांच्या पोराला सांगताना मी ऐकलंय. पोरगं मान डोलावत बिस्किट खात होतं आणि दाराकडे बघत होतं.

पायरी शेवटची : हुकूमनामा हातात आल्यावर

निकाल ऐकून घरी जाऊ नका, त्याच दिवशी नक्कल विभागात अर्ज द्या. प्रमाणित प्रती किमान तीन घ्या. नाव, लग्नाची तारीख आणि दाव्याचा क्रमांक एकेक अक्षर तपासा; चूक लगेच दुरुस्त होते, दोन वर्षांनी डोकेदुखी होते. दाव्याचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक लिहून ठेवा, ई-कोर्ट्सच्या ॲपवर त्यावरून सगळं सापडतं.

लढून मिळालेला घटस्फोट असेल तर अपिलाची मुदत, नव्वद दिवस, संपेपर्यंत दुसरं लग्न करू नका. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नसतं. माहेरचं नाव परत लावायचं असेल तर राजपत्रात जाहिरात द्या आणि मग आधार, पॅन, बँक या क्रमाने बदला. विमा, भविष्य निर्वाह निधी आणि बँकेतलं वारसाचं नाव हुकूमनाम्याने आपोआप बदलत नाही. प्रत्येक ठिकाणी वेगळा फॉर्म भरावा लागतो.

दुसऱ्या लग्नाची नोंदणी करताना प्रमाणित प्रत मागतात. मावशीने ती हातात येताच कौतुकाने लॅमिनेट करून आणली होती, आणि शिक्का खरा की छापलेला हेच दिसेना. नक्कल विभागात पुन्हा अर्ज, पुन्हा फी, आणखी नऊ दिवस. लॅमिनेट करू नका.